नानीहेराला ‘जेवलीस का’ विचारू नये

आमच्या बहालात, म्हणजे देवाभोवतीच्या चौकात, नवीन बिऱ्हाड आलं की मी पहिल्याच दिवशी बजावून ठेवते. चैत्याला उजवं घालून चाला, खरकटं मोरीत टाकू नका, आणि देवाच्या दाराशी जी म्हातारी बसलेली असते तिला काहीही विचारा, पण जेवलीस का म्हणून विचारू नका. लोक हसतात. हसणारच म्हणा. आमच्या नेपाळात माणूस भेटला की पहिलं वाक्य तेच असतं. “खाना खानुभयो?” जेवलात का? त्याचं खरं उत्तर कोणालाच नको असतं. सकाळपासून पाण्याचा घोट पोटात गेला नसला तरी ‘जेवले, तुम्ही?’ म्हणायचं आणि पुढे चालायला लागायचं. एवढं साधं ते. पण नानीहेराला विचारलंत, तर ती जपमाळ थांबवते, तुमच्याकडे खालपासून वरपर्यंत बघते आणि म्हणते, “तुला कशाला हवंय?”

मग तो माणूस तणतणत माझ्याकडे येतो. म्हातारीचं डोकं फिरलंय का, विचारतो. मी म्हणते, डोकं चांगलं शाबूत आहे, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. बस इथे, उडदाचा बारा खा.

मी सानुमैया महर्जन. बहालात शिरायच्या बोळाच्या तोंडाशी, दगडी सिंहाच्या शेजारी माझा तवा असतो. उडीद वाटून बारा भाजते, गिऱ्हाईक म्हणालं तर वर अंडं फोडते. तव्यामागून मला सगळं अंगण दिसतं. मधे चैत्य, पलीकडे देवाचं दार, दाराला लागून लाकडी खांबांची ओसरी आणि ओसरीवर नानीहेरा. पाटणमध्ये अशी बहालं गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडे कायमचा पुजारी नसतो. शाक्यांच्या घरांतल्या पुरुषांची आळीपाळीने पाळी लागते. ज्याची पाळी त्याने डोकं भादरायचं, देवापाशीच राहायचं, स्वतः रांधून एकवेळ जेवायचं आणि किल्ली कमरेला बाळगायची. मी शेतकऱ्याची लेक, मला कसली पाळी? पण माझ्या नजरेतून कोणी सुटत नाही. पोरंटोरं आम्हा दोघींना पोलीस चौकी म्हणतात. म्हणोत बापडी. चौकी आहे म्हणून तर देव जागेवर आहेत.

आता नानीहेराचं काम काय, तर तिला ते कोणी दिलेलंच नाही. दर्शनाला येणाऱ्या परक्या माणसांना ती रीत शिकवते. लंकेचे येतात, जपानचे येतात, थायलंडच्या बायका येतात, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले गोरे तर असतातच. नानीहेरा एकालाही ओळखीचं हसू देत नाही. आधी म्हणते, “जुत्ता यहाँ.” चपला-बूट इथे. मग कमरेच्या पट्ट्याकडे बोट न दाखवता हनुवटी दाखवते, कारण चामडं आत चालत नाही. मग त्यांच्याकडून घोकून घेते, “दर्शन गर्न मिल्छ?” दर्शन घेतलं तर चालेल का? आणि विचारल्यावर उत्तराची वाट बघायची, हेही सांगते, कारण बहुतेक लोक विचारतात आणि विचारता विचारताच आत घुसतात. दिवा द्यायचा तर उजव्या हाताने, डावा हात उजव्या कोपराला लावून. फुंकर मारून दिवा विझवायचा नाही, तोंडाचा वारा म्हणजे उष्टं. फूल हुंगून वाहायचं नाही. कोणाच्या पायांवरून ओलांडून जायचं नाही, “अलि बाटो दिनुस् न” म्हणायचं, जरा वाट द्या. तिच्याएवढ्या बाईला आमा म्हणायचं, माझ्याएवढीला दिदी. मला कोणी आमा म्हटलं तर मी त्याच्या बाऱ्यावर अंडं लहानच फोडते.

हे सगळं शिकवायचं आणि मग बघत बसायचं, कोण चुकतं. इथेच तर खरी गंमत आहे. चुकणाऱ्यावर ती रागवेल असं तुम्हाला वाटेल, पण नाही. एकदा एका जपानी बाईच्या पदराने, म्हणजे त्यांचा जो काय झगा असतो त्याने, दिव्यांची अख्खी ओळ आडवी झाली. बाई रडकुंडीला आली. नानीहेराने तिला ओसरीवर बसवून चहा पाजला. आणि काठमांडूहून एक सुटाबुटातले गृहस्थ आले होते, त्यांनी पट्टा काढला, कोपराला हात लावला, प्रदक्षिणा उजवी, बोलणं तुपातलं. एक चूक नाही. नानीहेरा त्यांच्या मागोमाग बोळाच्या टोकापर्यंत गेली आणि त्यांची रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली. मला येऊन म्हणाली, “चुकतो तो देवाला आलेला असतो गं. एवढं न चुकणारा दुसऱ्याच कशाला तरी येतो.”

मी म्हटलं, अगं तता, तूच शिकवतेस आणि शिकला की त्याच्यावरच संशय घेतेस? तता म्हणजे थोरली बहीण, मी तिला तसंच म्हणते. ती म्हणाली, हो.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे लामखुट्टे.

लामखुट्टे हे काही त्याचं नाव नव्हे. आमच्याकडे डासाला लामखुट्टे म्हणतात, लांब तंगड्यांचा म्हणून. तो गोरा इतका उंच होता की बहालाच्या दारातून आत येताना त्याला वाकावंच लागायचं, आणि आम्ही म्हणायचो, बघा, देवानेच नमस्कार करून घेतला. भूकंपाच्या कितीतरी आधीची गोष्ट. नानीहेराचं लग्न होऊन थोडीच वर्षं झालेली, मी तर अजून माहेरच्या शेतावर होते, पण आईबरोबर भाजी घेऊन रोज इथे यायचे. लामखुट्टे दोन महिने रोज आला. हसरा, गोड माणूस. नेपाळी शिकायची म्हणायचा. कोपराला हात, पायाला हात, सगळं नानीहेराकडून शिकला. पोरांना टॉफ्या, म्हाताऱ्यांना तंबाखू. सगळं बहाल त्याच्यावर लट्टू. नानीहेरासुद्धा. तिच्या शिकवण्याचं कौतुक करणारा पहिलाच माणूस तो.

त्या वर्षी गुंल्याच्या महिन्यात पाळी होती आशाकाजीची, नानीहेराच्या नवऱ्याची. आशाकाजी मूर्तिकार. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून ठोकून देवाचा चेहरा उठवायचा. बोलणं कमी, काम चोख. लामखुट्टे रोज दारातून वाकून आत यायचा आणि आधी आशाकाजीलाच विचारायचा, “खाना खानुभयो?” आणि आशाकाजी सरळ माणूस, तो आमच्यासारखं ‘जेवलो, तुम्ही?’ म्हणून सोडून द्यायचा नाही. खरं उत्तर द्यायचा. अजून नाही, ऊन चैत्याच्या पायरीवर आलं की मागच्या खोलीत जातो. आता जेवून आलो. आज उशीर झाला. परका माणूस एवढ्या आपुलकीने विचारतोय तर खोटं कशाला बोला, असं त्याला वाटायचं.

गुंला हा आमचा पुण्याचा महिना. त्यात बहालातले सगळे देव बाहेर काढून ओसरीवर मांडतात. लांब बाकावर लाल कापड घालायचं, त्यावर ओळीने मूर्ती, आणि गावभरचे लोक दिवे घेऊन दर्शनाला येतात. आमची तारा त्यातच. वीतभर उंचीची, सोन्याचं पाणी चढवलेली, हात पुढे केलेला. एरवी ती देवाच्या दाराशेजारच्या कोनाड्यात जाळीआड असायची. तिचा आणि नानीहेराच्या सासूचा एक वेगळाच व्यवहार होता. बायकांना आत गाभाऱ्यात जाता येत नाही, मग देवाला नैवेद्य पोचला की नाही हे कळणार कसं? म्हणून ती म्हातारी रोज कोनाड्यासमोर वाकायची आणि ताराला विचारायची, “जा नये धुन ला?” आमच्या नेवारी बोलीत, जसं नातवाला विचारावं तसं. जेवलीस का गं? मग डावा कान जाळीकडे करून थांबायची. काय ऐकू यायचं कोण जाणे. मग म्हणायची, चला, आता आपण जेवू. तोवर त्या घरात कोणाच्या ताटात भात पडायचा नाही. दुसऱ्या कुठल्या घरात ही रीत नाही, अख्ख्या पाटणात नाही. देवाला स्तोत्र म्हणतात, देवाला जेवलीस का कोण विचारतं? सासू गेल्यावर नानीहेरा विचारायला लागली. लामखुट्टेने ते बघितलं, हे काय म्हणून विचारलं आणि तिने त्यालाही शिकवलं. कान कसा करायचा तेसुद्धा. घरची रीत परक्याला आवडली, ह्याचाच तिला आनंद.

मग एका दुपारी ऊन चैत्याच्या पायरीवर आलं, आशाकाजी मागच्या खोलीत जेवायला गेला, आणि परत आला तेव्हा बाकावर ताराच्या जागी नुसतं लाल कापड होतं.

लामखुट्टे त्या दिवशी आलाच नव्हता. आदल्या आठवड्यातच सगळ्यांचा निरोप घेऊन, पायांना हात लावून गेला होता. मग त्याच्यावर कोण संशय घेणार? बहालाने संशय घेतला आशाकाजीवर. किल्ली त्याच्याकडे. पाळी त्याची. मूर्तीची किंमत त्याला ठाऊक, बाजारातले दलाल त्याच्या ओळखीचे. पोलिसांनी नेलं, ठेवलं, सोडलं. पोलीस सोडतात, शेजारी सोडत नाहीत. विचारलं की तो एकच बोलायचा, “मी जेवत होतो.” हे काय उत्तर झालं का? लोक आपसांत म्हणायचे, देव चोरीला जातो आणि हा जेवत होता म्हणे. त्या वर्षी त्याच्या घराची कौलं नवी झाली, तर लोकांनी कौलांकडे बघून माना हलवल्या. मला विचाराल तर मी सगळ्यांवरच संशय घेते. आशाकाजीवर घेतला, आमच्या थोरल्या आजुवर घेतला, शेजारच्या बहालातल्या लोकांवर तर अजूनही घेते.

आजु म्हणजे आमच्या बहालातले सगळ्यात थोरले शाक्य. पाळी कोणाची हे त्यांनी सांगायचं असतं. त्यांनी आशाकाजीला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. फक्त त्याची पाळी पुन्हा आली तेव्हा म्हणाले, तुझी तब्येत बरी दिसत नाही, ह्या खेपेला पुढच्याला करू दे. त्याच्या पुढच्या खेपेलाही तब्येतच. आशाकाजी ठणठणीत होता. आमच्या भोजात वयाप्रमाणे सुकुलावर, म्हणजे गवती चटईवर, ओळीने बसतात, थोरला वरती. आशाकाजी आपणहून शेवटी जाऊन बसायला लागला, पोरांच्या खाली. कोणी उठवून वर बसवलं नाही. मरेपर्यंत तो तिथेच बसला. त्याची पाळी त्याला पुन्हा मिळाली नाही.

आणि नानीहेराने ते एक वाक्य कायमचं टाकून दिलं. परक्यांना सगळं शिकवते, पाणी कसं मागायचं, माफी कशी मागायची, पण खाना खानुभयो शिकवत नाही. कोणी शिकून आला असेल तर त्याची खैर नाही. ताराचा कोनाडा रिकामा, मग तिथेही विचारणं संपलं. दर गुंल्यात बाकावर ताराची जागा मात्र सोडतात. लाल कापडाचा तेवढा तुकडा मोकळा असतो, आणि लोक दिवे घेऊन त्याच्यासमोरून घाईघाईने पुढे सरकतात.

ह्या वर्षी गुंल्यानंतरची पाळी पुन्हा त्या घरावर येत होती. आता मुलगा ज्ञानकाजी. तोही बापासारखा मूर्ती करतो, बोलणंही बापासारखंच बेताचं. त्याने आईला स्पष्ट सांगितलं होतं. बाबांना वगळलं, मला एकदा वगळलं, ह्या वेळी वगळलं तर मी इथे राहत नाही. रिंग रोडच्या पलीकडे खोली घेतो, तुला घेऊन जातो. नानीहेरा बहालाबाहेर म्हणजे काय, विचारच करवत नाही. ती रागाने म्हणाली, जा तू, मी ओसरीवर मरेन. पण आजुकडे जाऊन विचारायची तिची छाती होईना. आजु देव मांडायच्या दिवशी पाळ्या सांगणार होते.

त्याच्या आदल्या दिवशी एक परकी मुलगी आली. हिरवा रेनकोट, केस तांबूस, पाठीवर पिशवी. सिंहापाशी थांबली आणि कोणी काही सांगायच्या आत तिने बूट काढले. ते ठीक आहे, बूट काढायचे हे आता सगळ्या जगाला माहीत आहे. पण मग तिने कमरेचा पट्टा सोडला, गुंडाळला आणि बुटात ठेवला. मी उलथणं तव्यावर दोनदा आपटलं. ती आमची खूण. ओसरीवर नानीहेराची जपमाळ थांबली.

मुलीने विचारलं, “दर्शन गर्न मिल्छ, आमा?” आणि थांबली! उत्तर मिळेपर्यंत उभीच. उजवी प्रदक्षिणा. दिवा दिला तो कोपराला हात लावून, काडी विझवली ती हाताने वारा घालून. परत जाताना माझ्याकडे बारा घेतला, मला दिदी म्हणाली. मी अंडं मोठं फोडलं, पण डोळे तिच्या पिशवीवर होते. नाव विचारलं तर मार्लिस म्हणाली. कुठली, तर हॉलंडची. नेपाळी वर्गात जाऊन शिकले म्हणाली. पट्ट्याचं कुठल्या वर्गात शिकवतात, ते काही तिने सांगितलं नाही. नानीहेरा संध्याकाळी मला म्हणाली, “एकदाही चुकली नाही.” आम्ही दोघींनी ठरवलं, उद्या हिला डोळ्यांआड करायचं नाही.

दुसऱ्या दिवशी देव मांडले. ढोल वाजले, गर्दी झाली. आजु सुकुलावर वरच्या टोकाला बसले, बाकीचे शाक्य खाली ओळीने, ज्ञानकाजी बापाच्याच जागी, अगदी शेवटी. दुपारकडे गर्दी ओसरली तेव्हा हिरवा रेनकोट आला. मुलगी बाकासमोरून सावकाश निघाली, प्रत्येक मूर्तीला हात जोडत. नानीहेरा तिच्या मागे, पावलावर पाऊल. मी तव्यावर बारा टाकला होता तो तसाच ठेवून दोन पावलं पुढे आले. मनात म्हटलं, आता पिशवी उघडेल, आता उघडेल.

मुलगी मोकळ्या लाल कापडासमोर आली आणि थांबली. तिथे कोणी थांबत नाही. ती वाकली. आणि नेपाळी नाही, आमच्या नेवारीत, आमच्या घरच्या नेवारीत म्हणाली, “जा नये धुन ला?”

मग तिने डावा कान कापडाकडे केला आणि ऐकत उभी राहिली.

माझा बारा करपला. वास सगळ्या बोळात गेला तरी मी हलले नाही. नानीहेराचा आवाज मला ओळखू आला नाही. “सानुमैया,” ती म्हणाली, “दार लाव.” मी बहालाचं दार ओढून अडसर घातला.

“हे तुला कोणी शिकवलं?”

मुलगी घाबरली. आजोबांनी, म्हणाली. कुठल्या आजोबांनी? त्यावर तिने हात डोक्याच्या वर, खूप वर नेऊन दाखवला. इतके उंच. ते गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या घरी जिन्याजवळ काचेच्या कपाटात एक छोटी बाई आहे, सोन्याची, हात पुढे केलेली. ते तिला रोज हे विचारायचे. मला वाटायचं ते गमतीचे शब्द आहेत. मग वर्गात गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, हे नेपाळी नाही, ही पाटणच्या लोकांची भाषा आहे. म्हणून आले.

तिने फोन काढून चित्र दाखवायला सुरुवात केली. मी पुढे होऊन म्हटलं, चित्रांचं आम्हाला कौतुक सांगू नकोस बाई, पाटणमध्ये घराघरात तारा बनतात, नकली असली तर तू ती आमच्याच गळ्यात मारशील. मला अजूनही वाटतं मी चुकीचं बोलले नाही. पण नानीहेराने माझा हात आणि तिचा फोन दोन्ही बाजूला सारले.

“चित्र नको मला,” ती म्हणाली. “विचारून झालं की तो काय करायचा?”

“ऐकायचे,” मुलगी म्हणाली. “कान असा करून. मग म्हणायचे, चला, आता आपण जेवू. त्याच्याआधी आम्हाला कोणाला नाश्ता मिळायचा नाही. मी लहान होते, मला फार राग यायचा.”

नानीहेरा ओसरीच्या कडेला बसली.

एवढ्यात आजु सुकुलावरून उठून आले. त्यांना उठायला वेळ लागतो, गुडघे धरत धरत आले. सगळी ओळ मागे. ज्ञानकाजी मात्र जागचा हलला नाही, तिथूनच बघत होता. आजुंनी मुलीला विचारलं, तुझ्या आजोबांनी ती कोणाकडून घेतली? आणि मला कळलं, म्हातारा काय विचारतोय ते. कौलांचं विचारतोय, ते पैसे आशाकाजीला मिळाले होते का ते. इतक्या वर्षांनी, सगळ्यांच्या देखत, त्यालाही एकदाचं ते हवंच होतं.

मुलीने आधी मान खाली घातली. मग तिच्या मोडक्यातोडक्या नेपाळीत सांगायला लागली. मध्ये शब्द अडायचे, नानीहेरा ते पुरवायची. स्वतःच्या नवऱ्याच्या गोष्टीला ती शब्द पुरवत होती, बघा. आजोबा म्हणायचे, मी हात लावला नाही. मी फक्त एका माणसाला एक गोष्ट सांगितली. मग ती त्यांच्याकडे हॉटेलात आली, कापडात गुंडाळून. शेवटच्या आजारात ते तेच तेच बोलायचे.

“काय बोलायचे?” आजुंनी विचारलं.

“म्हणायचे, राखणारा माणूस जेवत होता. तो कधी जेवतो मला माहीत होतं. मी त्याला रोज विचारायचो.”

मला असा संताप आला की वाटलं, गरम उलथणं घेऊन हॉलंडला जावं आणि त्या लांब तंगड्यांच्या थडग्यावर बडवावं. आपुलकीने विचारायचा हो, मी बघितलंय! दारातून वाकून, हसून, रोज. आणि तो भोळा माणूस त्याला खरं सांगायचा. रडू येत होतं, आणि त्या मुलीवरही राग येत होता, तिचा काही दोष नसला तरी. तीही रडत होती. मूर्ती आईकडे आहे म्हणाली, आई परत द्यायला कबूल आहे म्हणाली, पत्रं लिहू, सरकारला सांगू, मी स्वतः घेऊन येईन म्हणाली. येईल तेव्हा खरी. मी त्या दिवशीही मानलं नाही, आजही दार वाजलं की बघते.

आजु वळले आणि सुकुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, जिथे ज्ञानकाजी बसला होता. तिथे उभं राहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आशाकाजी जेवत होता.”

एवढंच. मग म्हणाले, गुंल्यानंतरची पाळी ज्ञानकाजीची, आणि त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. त्याच्या वयाच्या जागी, मधे, नेऊन बसवलं. त्याच्या शेजारचे दोघं न सांगता सरकले. ज्ञानकाजीने मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला लांबूनही दिसले.

मग आजु परत आले. नानीहेरासमोर उभे राहिले. आता काय बोलणार हा माणूस, मला कळेना. माफी मागेल? आमच्याकडे एवढे थोरले माफी मागत नाहीत, मागायची तरी कशी हेही त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, खाकरले, आणि रस्त्यात भेटल्यासारखे म्हणाले, “नानीहेरा, जेवलीस का?”

त्या मुलीला काय कळणार, पण आम्हा सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार ते. नानीहेराने माळ थांबवली. आजुंकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून नीट घेतला.

“जेवले, आजु,” ती म्हणाली. “तुम्ही?”

आजु म्हणाले, जेवलो. देव मांडायचा दिवस, दोघांच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं.